दिरहमला चोवीसने गुणण्याआधी

पत्र: ताई, मी गुहागर तालुक्यातला, वय ३१. डिप्लोमा करून लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, हातात २७,००० येतात. आता दुबईत जेबेल अलीच्या एका कंपनीत काम मिळतंय. पगार ५,५०० दिरहम: बेसिक ३,०००, घरभाडं १,५००, प्रवास ५००, इतर ५००. चोवीसने गुणलं की १,३२,००० होतात. माझं तीस हजारांत भागेल आणि लाखभर घरी पाठवता येतील असं मी धरलंय. घराच्या कर्जाचा हप्ता १४,००० आहे. आई-बाबा गावी असतात, बाबांचे गुडघे गेलेत. हापूसची साठेक कलमं आहेत, ती मीच सुट्टीच्या दिवशी बघतो. बायको बी.कॉम. आहे, मुलगी चार वर्षांची. बायको म्हणते, जायचं तर तिघांनी. ज्या गृहस्थांनी हे काम आणलं ते ओळखीचेच आहेत, व्हिसाचे दीड लाख मागतात. शिल्लक २,६०,००० आहे. गणपती करून निघेन म्हणतोय. सोबत किती पैसे न्यावेत, महिन्याला किती खर्च धरावा आणि तिघांचं भागेल का?

उत्तर:

खर्चाच्या हिशेबाआधी त्या दीड लाखांबद्दल बोलू. ते देऊ नका.

संयुक्त अरब अमिरातीचा (यूएईचा) २०२१चा कामगार कायदा सांगतो की माणूस कामावर आणण्याचा खर्च मालकाने करायचा. तो कामगाराकडून थेट घ्यायचा नाही आणि आडमार्गानेही घ्यायचा नाही. आपल्या बाजूला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला एजंट फार तर ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो. त्याचीही पावती द्यावी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर बघायला मिळते. माणूस ओळखीचा असला की विचारायची भीड वाटते, आपल्याकडे तर फारच. म्हणून सरळ एवढंच म्हणा: "काका, तुमचा नोंदणी क्रमांक आणि कंपनीचं ऑफर लेटर द्या, पैसे बँकेतून पाठवतो आणि पावती घेतो." खरा माणूस यावर रागावत नाही. आणि "आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे बदलून घेऊ" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. ऑफर लेटर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यात असायला हवं, आणि पगाराचे चारही आकडे त्यात वेगवेगळे लिहिलेले हवेत. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचं हित बघणारं सरकारी कार्यालय आहे. शंका आली तर निघण्याआधी तिथे जाऊन या.

मी हे इतकं ताणून सांगते कारण तुमचा पुढचा सगळा हिशेब या दीड लाखांवर उभा आहे. कसा, ते आता बघा.

तुम्ही उतरल्यावर पहिला पगार लगेच हातात येणार नाही. वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र), मग बँकेत खातं, मग महिना भरणं, यात दीड महिना सहज जातो. त्या ४५ दिवसांत बेड स्पेसचं, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेचं, दोन महिन्यांचं भाडं १,८०० दिरहम, अनामत ५००, जेवण ९००, प्रवास ५००, सिम आणि रिचार्ज १५०, गादी-पांघरूण-भांडी ३००, औषधपाणी आणि अडीअडचण ३५०. झाले ४,५०० दिरहम, म्हणजे तुमच्याच भावाने १,०८,००० रुपये. दीड लाख देऊन टाकलेत तर शिल्लक उरते १,१०,०००. त्यातले १,०८,००० तुम्ही घेऊन गेलात की घरी राहतात दोन हजार, आणि पाच तारखेला दारात चौदा हजारांचा हप्ता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मग पतपेढीतून कर्ज निघतं किंवा बायकोचे दागिने तारण जातात, आणि आखातातली पहिली दोन वर्षं तेच फेडण्यात संपतात. कोकणातल्या कितीतरी घरांत असंच झालंय.

ते दिले नाहीत तर दीड लाखाच्या वर रक्कम घरी राहते. त्यातून दोन-तीन हप्ते, घरखर्च आणि कागदपत्रांचा खर्च निघतो. सोबत नेताना परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. तुमची गरज त्याच्या आतच आहे. तरी सगळे रोख नेऊ नका. हजारभर दिरहम रोख न्या, बाकी बँकेच्या फॉरेक्स कार्डावर ठेवा. आणि परतीच्या तिकिटाएवढे पैसे वेगळे बाजूला ठेवा. ते या साडेचार हजारांत धरलेले नाहीत.

आता चोवीसच्या गुणाकाराकडे येऊ. तुम्ही अख्खा पगार रुपयांत बदललात आणि खर्च मात्र गुहागरचा धरलात. तीस हजार रुपये म्हणजे १,२५० दिरहम, आणि त्यात दुबईत खोलीतली एक खाट आणि अर्धं पोट एवढंच होतं. तिथे मिळवायचं दिरहममध्ये, खर्चायचंही दिरहममध्ये. रुपया मध्ये आणायचा तो फक्त जे घरी पाठवणार त्या रकमेपुरता. तिथे गेल्यावर बहुतेकांचं होतं काय, की पहिला महिना दुकानात कोथिंबिरीच्या जुडीलाही चोवीसने गुणतात आणि पोटाला चिमटा काढतात. मग महिन्या-दोन महिन्यांत कंटाळून गुणायचंच सोडून देतात, आणि हात सैल सुटतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून दिरहमचीच वही ठेवा.

दिरहमचा भाव १९९७पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की तुम्ही पाठवलेल्या पैशाचे इकडे जास्त रुपये होतात. पण तुमचं तिथलं भाडं काही त्याने उतरत नाही. म्हणून भाव वाढला म्हणून जास्त खर्च करायला मोकळीक मिळाली असं समजू नका.

एकट्याचा महिना मी असा मांडते. बेड स्पेस ९००. हा करामा, बर दुबई, देरा या भागांतला अंदाज आहे. जेवण ७००, तेही चार-सहा जणांनी मिळून मेस चालवली आणि रात्रीचं घरी शिजवलं तर. रोज बाहेर खाल्लंत तर हा आकडा हजारावर जातो. जेबेल अली शहराच्या एका टोकाला आहे, त्यामुळे तिकडून मेट्रोचे बरेच झोन ओलांडावे लागतात. सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५० दिरहम. (कंपनीची बस असेल तर हे वाचतील. आत्ताच ईमेल करून विचारा.) फोन १००, धुणं-साबण-केस कापणं १५०, पैसे पाठवण्याचं शुल्क २५, बेकारी विम्याचा हप्ता ५. हा विमा तिथे सक्तीचा आहे, बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहमच. डॉक्टरकडे गेल्यावर विम्यापलीकडे आपल्या खिशातून भरायचे १००. घरी येण्याच्या तिकिटासाठी महिन्याला १५० बाजूला. दर वर्षाचं तिकीट करारात लिहिलं असेल तरच कंपनी देते. न सांगता येणारा खर्च २००. बेरीज २,६८०.

उरले २,८२०. त्याचे ६७,६८० रुपये. तुम्ही धरलेल्या लाखापेक्षा बत्तीस हजारांनी कमी. तरी आजच्या तुमच्या पगाराच्या अडीच पट आहेत, त्यामुळे नोकरी घ्यावी असंच मी म्हणते. फक्त लाख येणार असं घरी कुणाला सांगून बसू नका. तीन पगार हातात येईपर्यंत कुणालाच आकडा सांगू नका.

खाटेबद्दल दोन शब्द. स्वस्त म्हणून प्लायवूडची पार्टिशनं टाकून केलेल्या खोलीत राहू नका. परवानगीशिवाय अशी पार्टिशनं टाकणं तिथे बेकायदा आहे. महापालिकेची पाहणी झाली की राहणाऱ्यांना सामान घेऊन निघावं लागतं आणि अनामत बुडते ती वेगळीच. खोली देणाऱ्याला विचारा की घराचा करार, ज्याला तिथे इजारी म्हणतात, तो कुणाच्या नावावर आहे आणि सोबत राहणारा म्हणून माझं नाव दुबई रेस्ट अॅपवर चढवणार का. वीज, पाणी, वायफाय भाड्यात धरलंय का तेही आधीच ठरवा. उन्हाळ्यात एसी चोवीस तास चालतो, तेव्हा वीजबिलावरूनच खोल्याखोल्यांत भांडणं होतात.

जेवणाचं म्हणाल तर आपल्या माणसाची उपासमार होत नाही. तांदूळ, डाळ, कोकम, नारळ, सगळं मिळतं. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटात ताजी सुरमई मिळते, फक्त रोज खाण्याची गोष्ट नाही. बरणीतला मसाला मात्र आईला नीट सांगून करून घ्या. आपल्या मालवणी मसाल्यात बहुतेक घरांत खसखस भाजून घालतात. खसखस तिथे अमली पदार्थांत धरली जाते. पुडीतली असो की मसाल्यात कुटलेली, ती विमानतळावर सापडली तर थेट पोलीस केस. या खेपेचा मसाला खसखशीशिवाय कुटा. विड्याची पानंही नेऊ नका. बाबांच्या गुडघ्याच्या गोळ्यांपैकी काही दुखण्याला उपयोगी म्हणून पिशवीत टाकाल, तर त्यात ट्रॅमाडॉल किंवा कोडीन नाही ना हे डॉक्टरांना विचारा. असली औषधं तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

आता घरच्या खर्चाचं. माझ्या मते तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त हेच राहून गेलंय. एक माणूस परदेशी गेला की घरचं एक ताट कमी होतं, पण घरखर्च कमी होत नाही, वाढतो. आज त्या साठ कलमांची बेणणी तुम्ही रविवारी करता. मोहोराच्या दिवसांत फवारणीचा पंप तुमच्या पाठीवर असतो. बाबांना चिपळूणला डॉक्टरकडे तुम्ही मोटारसायकलवरून नेता. पावसाआधी कौलं परतायला तुम्हीच चढता. याचा एक रुपयाही वहीत दिसत नाही, कारण तुम्ही स्वतःला मजुरी देत नाही. तुम्ही गेल्यावर यातल्या प्रत्येक कामाला गडी लागणार आणि प्रत्येक खेपेला रिक्षा. फवारणीच्या हंगामात गड्याची मजुरी आणि औषधं दोन्ही एकदम अंगावर येतात, आणि पैसा येतो तो थेट एप्रिल-मेमध्ये, तोही हवामान बरं राहिलं तर. रत्नागिरीकडे मोठ्या बागायतदारांना नेपाळी रखवालदार ठेवणं परवडतं. साठ कलमांना ते परवडत नाही.

म्हणून बाग एक-दोन हंगामांसाठी कराराने द्या, असं माझं मत. पैसे कमी मिळतील, पण खर्चाची आणि पावसाची जोखीम घेणाऱ्यावर जाईल. आणि आई-बाबांना रोज कुणाच्या तरी मागे लागावं लागणार नाही. बाबांना हे रुचणार नाही कदाचित, कलमं त्यांनी लावलेली असतील. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी हा विषय काढू नका. आत्ता, शांतपणे, वही समोर ठेवून बोला. दोन वर्षांनी बाग परत आपल्या हातात घ्यायची, एवढं करारात लिहून ठेवा म्हणजे त्यांनाही धीर येईल.

आज हप्ता जाऊन घराला तेरा हजार उरतात. तुम्ही गेल्यावर गडी, रिक्षा, औषधं धरून अठरा हजार लागतील असं समजा. हप्ता १४,००० आणि घर १८,०००, झाले ३२,०००. ६७,६८०तून ते गेले की ३५,६८० उरतात. हे पैसे खर्चाला मोकळे नाहीत. सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च, म्हणजे १,९२,००० रुपये, वेगळे साठेपर्यंत यातला रुपया हलवायचा नाही. साडेपाच पगारांत ते जमतात. यूएईत प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं, आणि त्या काळात कंपनी १४ दिवसांच्या नोटिशीवर नारळ देऊ शकते. म्हणजे सगळ्यात अनिश्चित काळ सरेपर्यंत घराला सहा महिन्यांची आडभिंत उभी राहिलेली असेल. त्याआधी तिथल्या बँकांचे फोन येतील, क्रेडिट कार्ड घ्या, पगारावर कर्ज घ्या म्हणून. घेऊ नका. १०,००० दिरहमच्या वर देणं थकलं आणि प्रकरण कोर्टात गेलं तर देश सोडायला बंदी येऊ शकते. घरी बाबा आजारी असताना विमानतळावरून परत पाठवलेल्या माणसाची अवस्था तुम्हाला सांगायला नको.

वर्गणीचंही आत्ताच ठरवा. गावातला माणूस दुबईला गेला हे शिमग्याच्या पालखीआधी सगळ्या वाडीला कळलेलं असतं. देवळाच्या जीर्णोद्धाराला, क्रिकेटच्या स्पर्धेला, भावकीतल्या लग्नाला त्याचा आकडा वेगळा मांडला जातो. आपण देतो तेही मनापासूनच, गावात आपलं नाव राहावं असं कुणाला वाटत नाही? पण वर्षाची एक रक्कम आधी ठरवा. मी म्हणेन पहिल्या वर्षी दहा हजार, गणपती आणि शिमगा धरून. ती बायकोच्या हातात द्या आणि देणंघेणं तिलाच बघू दे. "ते तिकडे आहेत, मला एवढंच सांगून गेलेत" हे वाक्य गावात कुणालाही लागत नाही. मित्रांच्या उसन्याचं काय, तर पहिलं वर्ष कुणालाही नाही. सख्ख्या मित्रालाही नाही.

आता तुमच्या पत्नीच्या प्रश्नाकडे येते. तिघांनी जायचं हे तिचं म्हणणं योग्य आहे. संसार एकत्र व्हायला हवा, मुलीला बाप हवा. नियमानेही तुम्ही बसता, कारण ४,००० दिरहम पगार असला की कुटुंबाला नेता येतं. पण नेता येणं आणि तिथे भागणं यांत फरक आहे, तो आकड्यांत सांगते.

५,५००मध्ये दुबईत कुटुंबाचं घर परवडत नाही, म्हणून शारजा धरू. वन बीएचके वर्षाला ३०,०००, म्हणजे महिन्याला २,५००. वीज-पाणी-गॅस ४००. किराणा, भाजी, मासळी, दूध १,३००. मुलीची भारतीय शाळा अगदी स्वस्तातली घेतली तरी फी, बस, पुस्तकं मिळून ८००. शारजा आणि जेबेल अली अगदी विरुद्ध टोकांना, तेव्हा आधी शारजा-दुबई बस आणि मग मेट्रो, तुमच्या येण्याजाण्याचे ८५०, आणि रोजचे चार तास रस्त्यावर. दोन फोन आणि इंटरनेट ४००. दोघींच्या आरोग्य विम्याचे महिन्याला १५०, कारण कंपनीवर फक्त तुमचा विमा करण्याची सक्ती असते. व्हिसाच्या खर्चाचे महिन्याला २००. बाकी ४००. बेरीज ७,०००. पगार ५,५००. म्हणजे दर महिन्याला दीड हजार कमी, आणि गावी हप्त्याला किंवा आई-बाबांना एक रुपयाही पाठवलेला नाही.

शिवाय तिथे भाडं महिन्याचं महिन्याला देत नाहीत. वर्षाचे चार किंवा सहा पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात, आणि चेक परत गेला की वसुलीसाठी थेट कोर्टाच्या अंमलबजावणीत जाता येतं. ३०,०००च्या घराला पहिला चेक ७,५००, अनामत, दलाली, वीज-पाण्याची अनामत, मग फ्रिज, शेगडी, गाद्या. १५,००० दिरहम हातात असल्याशिवाय घराची किल्ली घेऊ नये.

म्हणून पहिली दीड वर्षं तुम्ही एकट्यानेच काढावीत असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे तिला "बघू, जमेल तेव्हा" असं सांगू नका. "जमेल तेव्हा" ऐकून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या बायका कोकणात वाडीवाडीला आहेत. तिला आकडा सांगा. पगार साडेआठ हजार दिरहम झाला, किंवा कंपनीने कुटुंबासाठी घर दिलं, किंवा दोघांचा मिळून पगार तेवढा झाला, की त्या महिन्यात तिकीट. ७,००० तिथले, आणि हप्ता व आई-बाबांसाठी पंचवीसेक हजार रुपये म्हणजे हजार-बाराशे दिरहम, असा तो आकडा येतो. शिल्लक थोडीच राहते, पण संसार चालतो.

त्यातला तिसरा मार्ग मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्या बी.कॉम. आहेत. यूएईत १ जानेवारी २०१८पासून ५ टक्के व्हॅट आला, जून २०२३पासून कंपन्यांवर कर आला. तेव्हापासून लहान दुकानालाही हिशेब ठेवणारं माणूस लागतं. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला कामाचा परवाना मिळतो. तेव्हा या दीड वर्षात चिपळूणला टॅली, एक्सेल आणि व्हॅटचा हिशेब शिकायचा, जमल्यास एखाद्या सीएकडे बसून हात साफ करायचा. त्याची फी त्या ३५,०००च्या शिलकीतून पहिल्यांदा काढा, सहा महिन्यांची पुंजी पुरी व्हायच्या आधीसुद्धा. आधी मी रुपयाही हलवू नका म्हटलं, त्याला हा एकच अपवाद. मधल्या थंडीत दोघींना महिनाभर व्हिजिटवर न्या. म्हणजे त्यांनाही शारजाची खोली, रस्ते, भाव डोळ्यांनी दिसतील. आणि जायचं की नाही हे त्याही ठरवतील.

कागदपत्रं मात्र आत्ताच करा. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झाली आहे का बघा. झाली नसेल तर करून घ्या, आणि दाखल्यावरचं तिचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते तपासा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, यात महिने जातात. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि तुमचा डिप्लोमा यांचं प्रमाणीकरण आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा वाणिज्य दूतावास या क्रमाने होतं. तुम्ही इथे असताना हे सोपं आहे. नंतर तिला मुलीला कडेवर घेऊन मुंबईच्या खेपा घालाव्या लागतील.

निघायच्या तारखेचं एक. गणपती करून निघा, पण २८ सप्टेंबरच्या आत निघा. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर त्या वर्षी तुम्ही इथले निवासी ठरता. मग दुबईचं उत्पन्न आणि तिथलं खातं इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. १ एप्रिलपासून मोजलं तर २९ सप्टेंबरला १८२ भरतात, आणि निघण्याचा दिवसही धरला जातो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट आहे, त्यामुळे कर कदाचित लागणार नाही, पण कागदांचं झंझट लागेल. तिकीट चार दिवस अलीकडचं मिळत असेल तर तेच घ्या.

गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करायचं, आणि पैसे पाठवायला एनआरई (तिथली कमाई इथे ठेवायचं खातं) उघडायचं. एनआरईच्या व्याजावर इथे कर नाही. हप्ता खात्यातून आपोआप कापला जाऊ दे. घरखर्चाचे अठरा हजार दर महिन्याला पत्नीच्या स्वतःच्या खात्यात टाका, बाबांच्या नको, भावाच्या नको. रोजचा खर्च जिच्या हातून होतो तिच्याकडेच पैसा असलेला बरा. तुमचं इथलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. तिथला नंबर मिळाला की तो बँकेत नोंदवा, म्हणजे यूएईच्या नंबरवरून यूपीआयही चालतं आणि गड्याची मजुरी तुम्ही तिथून थेट देऊ शकाल.

ऑफर लेटरमधली एक गोष्ट राहिली. बेसिक ३,००० आहे, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची. म्हणजे वर्षाला २,१०० दिरहम. सही करण्याआधी "इतर ५००" बेसिकमध्ये घालाल का, असं कंपनीला विचारून बघा. एकूण पगार तोच राहतो, म्हणून कधीकधी हो म्हणतात. आणि त्याच ईमेलमध्ये जेबेल अलीला कंपनीची बस आणि राहायची सोय आहे का, हेही लेखी विचारा. सोय असेल तर खाटेचे ९०० आणि पासाचे ३५० दोन्ही बदलतात, आणि वरची सगळी बेरीज पुन्हा करावी लागेल. कंपनीचं उत्तर आलं की मला कळवा, आपण नवे आकडे मांडू.